पंजा सगळ्यांना सारखा

ताई, खुरानाचा फोन आज परत आला. मी मीटिंगमध्ये होतो. फोन टेबलावर उलटा ठेवला होता, तरी तो थरथरल्याबरोबर मला कळलं की तोच असणार. घेतला नाही. आता घरी आलोय, चहा समोर निवलाय, आणि नीता दोनदा विचारून गेली, "बोललास का त्याच्याशी?" तुझ्याशी बोलल्याशिवाय त्याच्याशी बोलायची हिंमत होत नाही, म्हणून हे लिहायला बसलो.

त्याला एवढंच विचारायचंय की प्रदर्शनात तू बुक केलेलं नवं पंजा मशीन आपण घेतोय की नाही. शनिवारपर्यंत हो म्हटलं नाही तर ते लखनौच्या कुणा गिऱ्हाइकाला जाईल. त्याचं काही चुकत नाही. तो बिचारा प्रत्येक वेळी आधी "बहुत अफसोस हुआ जी" म्हणतो, मग मशीनवर येतो. मुक्ताला विचारलं. तुझं मॉलमधलं गेम झोनचं दुकान आता तिचं आहे. ती म्हणाली, "मामा, मला त्यातलं काही कळत नाही. आईबरोबर प्रदर्शनाला तू जायचास. तू सांगशील तसं." आणि तुझ्या लेकीने बंगळुरूला परतायची बॅग अजून भरलेली नाही, माझ्या उत्तराची वाट बघतेय.

माझ्यासारख्या माणसाला हो किंवा नाही म्हणायला आकडा लागतो. इथे आकडा नाही. तुझं एक अर्धवट वाक्य आहे फक्त. मेट्रोचं दार बंद होताना तू म्हणालीस, "कारण आहे रे. रविवारी सांगते."

रविवार आला तेव्हा तू नव्हतीस.

त्या प्रदर्शनाबद्दल घरात कुणाला सांगायला गेलं की हसतात. मॉलमधले गेम झोनवाले, वॉटर पार्कवाले, सगळे नवी मशीनं बघायला ग्रेटर नोएडाला जमतात आणि दारावर पाटी असते की अठरा वर्षांखालच्या मुलांना प्रवेश नाही. पहिल्या वर्षी ती पाटी वाचून तू हसत सुटलीस ते रजिस्ट्रेशनच्या खिडकीपर्यंत. आत सगळे कोटवाले बाप्ये. कुणी टाय खांद्यावर टाकून बास्केटबॉल फेकतोय, कुणी पोट सावरत रबरी हातोड्याने बेडूक चेपतोय. सगळी मशीनं फुकट, कार्ड लावायचं कामच नाही, आणि सगळी जरा जास्तच जिंकू देणारी, कारण त्यांना आपल्याला जिंकायचं असतं. "इथे माणूस जे जिंकतो ते दुकानात कुणी जिंकणार नाही, हे धरून चाल," असं तू मला पहिल्याच फेरीत बजावलं होतंस.

यंदा काय काय नवं होतं! पायाखाली उजळणाऱ्या फरशांची ती खोली, लाल फरशीवर पाय पडला की बाद. भिंतीवर चेंडू मारला की त्याचा मासा होऊन पोहत जायचा, ते तुला फार आवडलं. आणि ती मोटरसायकल, चष्मा चढवला की डोंगरातून धावायची आणि वळणावर खरंच कलायची. तू साडी खोचून बसलीस तिच्यावर. एका हाताने हँडल, दुसऱ्या हाताने माझी बाही.

"सोडू नकोस रे, खाली दरी आहे."

"ताई, खाली सतरंजी आहे."

"तुझ्या बाजूला असेल!"

बाहीला तुझ्या बोटांच्या चुण्या पडल्या होत्या. घरी येऊन नीताने तो शर्ट धुतला. तिला तरी काय ठाऊक.

माझं काम ठरलेलं. टेप काढून मशीनची रुंदी घ्यायची, कारण गाझियाबादच्या त्या मॉलची मालाची लिफ्ट अरुंद. एका खेळाला किती वेळ लागतो ते घड्याळावर बघायचं, त्यावरून तासाला किती जण खेळतील ते काढायचं. तू म्हणायचीस, "मुलगी बघायला आल्यासारखी उंची काय विचारतोस रे तिची?" तुझी तऱ्हा वेगळी. तू मशीनकडे पाठ करून उभी राहायचीस आणि खेळणाऱ्याचं तोंड बघायचीस. जिंकल्यावरचं नाही, हरल्यावरचं.

"हरला की माणूस कुठे बघतो ते बघ," तू शिकवलं होतंस. "मशीनकडे बघितलं तर त्याच्या मनात आलं की हे चोर आहे. स्वतःच्या हाताकडे बघितलं, तर त्याला वाटलं की थोडं डावीकडे घ्यायला हवं होतं. हाताकडे बघणारा परत येतो. आणि घरी जाऊन शिव्या देत नाही."

मी विचारलं होतं, "याची टक्केवारी काय?" तू कपाळावर हात मारलास.

आपलं खरं भांडण त्या पंजा मशीनवरून. काचेच्या पेटीत टेडी, वरून लोंबणारा तीन बोटांचा पंजा. तुला आठवतंय, मी त्याचं माहितीपुस्तक वाचून काढलं होतं. बहुतेक सगळीकडे हे मशीन ठरावीक खेळ होईपर्यंत पंजा सैल ठेवतं, मग एकदा घट्ट पकडतं, मग परत सैल. त्याने हिशेब नीट राहतो. तू ते पहिल्याच दिवशी बंद करून टाकलंस. पकड कायम एकच. कसब असेल त्याला मिळेल, नसेल त्याला नाही. मग कॉलेजची ती दोन पोरं सरावाने इतकी तयार झाली की दर शनिवारी पिशवीभर टेडी घेऊन जायला लागली, आणि मी तुझ्या डोक्याशी लागलो.

"ताई, मोजणीवर लाव. किती जाणार ते आधी कळेल."

"ज्याचा नंबर आला त्याला मिळणार?"

"हो."

"मग तो खेळ नाही, रांग आहे."

"रांगेत निदान नंबर लागतो तरी!"

"अरे ऑडिटर, लोक रांगेला कंटाळूनच माझ्याकडे येतात," तू म्हणालीस. "पंजा सगळ्यांना सारखा. चलो, चहा घे."

हे आपण किती वर्षं बोललो! दर रविवारी जेवताना, आमटी वाढता वाढता. तुझा मुद्दा मला पटला होता की नाही, मला आता आठवतही नाही. भांडायची सवय झाली होती. भाऊजी गेल्यावर तू दुकान विकशील असं मला वाटलं होतं, आणि तू विकलं नाहीस याचं मला बरं वाटलं, हे मी तुला कधी बोललो नाही. बोलायचं तर भांडणातलं वाक्य वाया गेलं असतं.

आणि मग यंदा खुरानाच्या स्टॉलवर ते नवं मशीन.

दिसायला तसंच, काच, पंजा, टेडी. खुराना पुढे झाला. "मैडम, ये कार्ड से पहचानती है. कौन कितना खेला, कौन अब उठने वाला है. उठने से ठीक पहले एक टेडी पकड़ा देती है. बंदा फिर बैठ जाता है." तो स्वतःवरच खूश होता. मी टेप गुंडाळत तुझ्याकडे बघितलं. आता ही हसणार, याला दोन शब्द सुनावणार आणि आपण पुढच्या स्टॉलवर जाणार. तू त्याला विचारलंस, "डिलिवरी कब तक?"

मग माझ्याकडे वळून, "ऑडिटर, दोन मिनिटं चहाचं बघ ना."

मी कागदी कप घेऊन परत आलो तोवर बुकिंग झालं होतं.

मेट्रोत मी तुला सोडलं नाही. डबा गच्च भरलेला, आपण दाराजवळ उभे.

"हे मशीन माणूस बघून पकड बदलतं."

"हो."

"एकाला सैल, एकाला घट्ट."

"हो ना."

"मग सगळ्यांना सारखा कुठे राहिला पंजा?"

"तूच म्हणायचास ना हिशेब लागत नाही? आता लागेल."

"मोजणीला निदान माणूस दिसत नाही. हे बघून बघून ठरवतंय. दमलेल्याला गाठतंय! हा खेळ नाही ताई, ही फसवणूक आहे."

"हळू. लोक बघतायत."

"बघू देत. आपल्याकडे येणारा माणूस रांगेला कंटाळून येतो. त्याला तू..."

तू खिडकीकडे तोंड फिरवलंस. ओठ दाताखाली घट्ट धरलेला. मला वाटलं, रागावलीस. मयूर विहार आलं, मी उतरलो, तुला पुढे यमुना बँकला गाडी बदलायची होती. दार लागताना ते वाक्य म्हणालीस. शुक्रवार होता. शनिवारी सकाळी तुझ्या शेजारच्या सूदबाईंचा फोन आला, दूधवाला बेल वाजवून गेला, ताई दार उघडत नाहीत.

तेव्हापासून मी ते कारण शोधतोय. माझ्या डोक्यात तीन कारणं फिरतात आणि प्रत्येकाचं उत्तर वेगळं येतं.

एक, तू थकली होतीस. इतकी वर्षं तत्त्व सांभाळून कंटाळलीस आणि म्हणालीस, जाऊ दे. तसं असेल तर मशीन घ्यावं, तुझी ती इच्छा. दोन, मॉलवाल्यांनी भाडं वाढवलं असेल आणि तू आम्हाला बोलली नसशील. मुक्ताला विचारलं, तिने मॉलच्या ऑफिसात जाऊन विचारलं, तसं काही नव्हतं. तिसरं कारण मी नीतालाही सांगितलेलं नाही. तुला छातीत आधीपासून दुखत होतं का? मोटरसायकलवर माझी बाही धरलीस ती नुसत्या दरीच्या भीतीने? मेट्रोत ओठ दाबलास तो रागाने, की कळ आली म्हणून? तुला ठाऊक होतं का, आणि म्हणून असं मशीन घेतलंस की जे मागे कुणी नसलं तरी आपलं आपण चालेल?

हे तिसरं सुरू झालं की मला बसवत नाही. उठून गॅसचं बटण बघून येतो. दाराची कडी बघतो. परवा ऑफिसात एका फाइलवर सही करायच्या आधी तीच बेरीज पाच वेळा केली, पाचही वेळा बरोबर आली, तरी सही होईना. नीता म्हणाली, "अरे, ताईंना तुला काही लपवायचं असतं तर रविवारी सांगते का म्हणाल्या असत्या?" बिल्कुल बरोबर आहे. पण बरोबर असून उपयोग होत नाही.

त्यात आम्ही एक करून बसलोय, ते तुला सांगायचं राहिलंच.

तुझे दिवस होईपर्यंत दुकान बंद ठेवलं. सुतकात तिथे दिवे कशाला लुकलुकायला हवेत, असं सगळ्यांचंच म्हणणं पडलं आणि मेन स्विच खाली केला. तेराव्यानंतर दुकान उघडलं, तेव्हा तुझी मॅनेजर रजनी धावत आली. "सर, पंजे वाली पागल हो गई है." तुझ्या जुन्या मशीनच्या आतला सेल कधीचा संपलेला. वीज चालू होती तोवर त्याला सगळं आठवत होतं. वीज गेली आणि ते तुझी पकड विसरलं. कारखान्यातून आलं होतं तसं झालं, मोजणीवाल्या हिशेबावर.

"दीदी तो कभी मेन नहीं गिराती थीं," रजनी म्हणाली. "खंडेनवमी को भी नहीं."

खंडेनवमी! स्टीअरिंगला झेंडूची माळ, बंदुकीच्या खेळाला कुंकू, आणि तुझ्या उदबत्तीच्या धुराने मॉलचा अलार्म वाजला ते वर्ष. मॉलचा माणूस तावातावाने आला, तर तू त्याच्या हातावर पेढा ठेवलास. "भैया, आपके अलार्म की भी पूजा हो गई." मशीनं त्या दिवशी खेळायची नाहीत, पण बंद मात्र कधीच केली नाहीस. मला वाटायचं, देवाधर्माचं काही असेल. सेलसाठी होतं ते.

मी रजनीला विचारलं, दीदी पकड किती ठेवायच्या? तिने हात हलवले. "पता नहीं सर. सुबह खुद खेलती थीं, खुद ही घुमाती थीं." मी तिथे तासभर उभा राहिलो, मशीनकडे पाठ करून, तुझ्यासारखा. एक बाई हरली, मशीनकडे बघितलं. तिच्या नवऱ्याने काचेवर थाप मारली. दोन मुली हरल्या, एक दुसरीला म्हणाली, "सेटिंग है यार." जो हरला तो मशीनकडेच बघत होता. तुझ्या दुकानात, ताई. मला तिथे उभं राहवेना.

आता मला दिसतंय की जुन्या मशीनवर फार दिवस भागणार नाही, पंजा वर घेताना त्याची मोटरही अडखळते. म्हणजे नव्याला नाही म्हणालो तर उद्या तुझ्या दुकानात पंजाच नसेल. हो म्हणालो तर तो माणूस बघून ठरवणारा. मी तुझ्याशी भांडलो ते मनापासून भांडलो, पण तू नसताना तुझ्याविरुद्ध निकाल देणं मला जमत नाही.

इथवर लिहून थांबलो होतो. शनिवारी खुरानाला फोन केला. त्याचा अफसोस ऐकून घेतला. हो किंवा नाही दोन्ही तोंडातून फुटेना, तेव्हा वेळ काढायला म्हणून मी त्याला एक विचारलं. "खुरानाजी, वो जो मशीन सीखती है, आदमी पहचानती है, वो चीज़ बंद हो सकती है क्या?"

तो म्हणाला, "सर, मैडम ने भी सबसे पहले यही पूछा था."

"कब?"

"जब आप चाय लेने गए थे. मैंने कहा बंद हो जाएगी, पर फिर लेने का फ़ायदा क्या? बोलीं, मोटर अच्छी है, पुरानी वाली दम तोड़ रही है. बाकी सब बंद करके भेजना."

मी खुर्चीवर बसलो. नीता दारात उभी होती, तिला हाताने थांबवलं. "तो मुझे क्यों नहीं बताया?" हे मी खुरानाला का विचारलं, त्याला कसं ठाऊक असणार! पण त्याला ठाऊक होतं.

"सर, घर जाते हुए ट्रेन से मैडम का फ़ोन आया था, गाड़ी बदल रही थीं. पता लिखवाया. बहुत हँस रही थीं. बोलीं, मेरा भाई पूछे तो अभी मत बताना. इतने साल में पहली बार मेरी तरफ़ से लड़ रहा है. संडे तक लड़ने दो."

ओठ दाताखाली धरला होतास तो हसू दाबायला. आणि मी इतके दिवस त्यातून तुझं आजारपण काढत बसलो होतो. तुला माहीत होतं की नव्हतं, ते आता कधी कळणार नाही, पण ज्या माणसाला रविवारच्या जेवणावर खोडी काढायची आहे ते माणूस निरोप घेत नव्हतं, एवढं मी धरून चाललोय. मी खुरानाला हो म्हणालो. सगळं बंद करून पाठवा, दीदी बोलल्या तसं. फोन ठेवला आणि नीताला सांगता सांगता हसायला लागलो आणि मग ते हसू राहिलं नाही.

पण ताई, तू पकड सांगितली नाहीस! नवं मशीन आलं तरी ती कुणीतरी लावायचीच आहे, आणि जुन्याची तर लगेचच.

म्हणून काल रविवारी, दुकान उघडायच्या आधी, मी आणि मुक्ता गेलो. रजनीने मशीनचं मागचं झाकण काढलं, आधी मोजणी बंद केली. आत पकडीचं एक बटण आहे, ते फिरवलं की समोर आकडा बदलतो. मुक्ता म्हणाली, "मामा, आईसारखं करायचं तर तुला खेळावं लागेल." मी म्हणालो, मी मोजतो, खेळत नाही. ती म्हणाली, "ते आम्हाला माहितीये. कार्ड लाव."

इतक्या प्रदर्शनांत मी कधी एकाही मशीनच्या दांड्याला हात लावला नव्हता, हे तुला ठाऊक आहे. कार्ड लावलं. एवढं काय घाबरायचं, पण घाबरलो होतो. वाटत होतं, तुझी पकड सापडली नाही तर? कायमचीच गेली तर? पहिल्यांदा पकड घट्ट होती, पंजा कसाही सोडला तरी टेडी येत होता. मुक्ता म्हणाली, "हे तर दुकान झालं, खेळ कुठे?" आवाज हुबेहूब तुझा. मग सैल केली, तर बरोब्बर डोक्यावर पंजा नेऊनही बोटांतून टेडी ओघळला आणि मी चिडून काचेकडे बघितलं. हे चोर आहे. रजनी हसली. मग थोडी वर, परत थोडी खाली. मी आकडे मनात ठेवत होतो आणि दर वेळी विसरत होतो, कारण डोळे पेटीतल्या एका लंगड्या निळ्या हत्तीवर होते.

शेवटी एकदा पंजाने त्याला उचललं. सोंडेला धरून, पेटीच्या अर्ध्या वाटेपर्यंत आणलं, तोल गेला आणि हत्ती काठावरून परत आत पडला. मुक्ता आणि रजनी एकदम ओरडल्या.

मी हरलो होतो. जरासं डावीकडे घ्यायला हवं होतं. असं मी पुटपुटलो, आणि मग लक्षात आलं, ताई, की मी माझ्या हाताकडे बघतोय.

"बस," मी रजनीला म्हणालो. "यहीं रहने दो."